शेपटीची गाडी आणि चार मीटरची अट

2025 च्या ऑगस्टमध्ये माझा मोठा भाऊ पहिल्यांदाच अमेरिकेत, मिशिगनला माझ्याकडे आला. भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, बनवण्यात त्याची तीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे पत्र्याची कोणतीही वस्तू दिसली की तो आधी तिची कड बोटाने चाचपतो आणि मग ती काय आहे ते विचारतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, म्हणजे त्या वर्षी 16 तारखेला, मी त्याला डेट्रॉइटहून उत्तरेकडे जाणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यूवर घेऊन गेले. 1995 पासून तिथे जवळजवळ दर वर्षी जुन्या गाड्यांची जत्रा भरते. लोक सकाळीच घडीच्या खुर्च्या घेऊन रस्त्याकडेला बसतात आणि दिवसभर त्यांच्यासमोरून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाड्या आपल्याकडच्या पालखीच्या चालीने सरकत राहतात.

आदल्याच दिवशी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जीएसटीत दिवाळीपर्यंत मोठे बदल होतील असे जाहीर केले होते. दादाच्या फोनवर पिंपरी-चिंचवडच्या जुन्या सहकाऱ्यांचा वाद रात्रभर चालला होता. छोट्या गाडीवरचा कर उतरणार का, छोटी गाडी म्हणजे नेमकी केवढी, आणि कमी करासाठी चार मीटरच्या आत बसावी म्हणून डिकी कापलेल्या सेडानला छोटी गाडी म्हणणे ही ग्राहकाची फसवणूक आहे की हुशारी, असे तीन वाद एकाच वेळी सुरू होते. दादाचे मत ठाम होते: नियम आला की आधी पळवाट शोधायची, हा आपला राष्ट्रीय स्वभाव आहे.

त्या मनःस्थितीत तो प्लिमथ सुपरबर्डसमोर उभा राहिला. ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते: साडेपाच मीटरहून लांब, दोन दारांची अमेरिकन गाडी, पुढे विमानासारखे निमुळते नाक आणि मागे डिकीच्या दोन्ही कडांवर दोन उभे खांब, आणि त्यांच्या डोक्यावर छताच्याही वर गेलेला आडवा पंख. ही एखाद्या हौशी माणसाने घरच्या गॅरेजमध्ये केलेली करामत नव्हे. 1970 साली ती शोरूममध्ये जाऊन, हमीपत्रासकट विकत घेता येत असे.

दादाने रिवाजाप्रमाणे मागच्या काचेभोवती बोट फिरवले. या गाडीचे छत काळ्या रेक्झिनसारख्या व्हिनाइलने मढवलेले असते. त्याने ते हलकेच दाबून पाहिले आणि म्हणाला, "याच्या खाली जोड आहे. काच मागाहून बसवलीय, आणि घाईत बसवलीय." गाडीचा सत्तरी ओलांडलेला मालक शेजारीच खुर्चीत बसला होता. मी दादाचे म्हणणे इंग्रजीत सांगितले तेव्हा तो इतका खूश झाला की त्याने उठून डिकी उघडून दाखवली. डिकीचे झाकण त्या उंच पंखाखालून सहज वर आले. पंख एवढा उंच का, याचे एक कारण म्हणून हीच गोष्ट सांगितली जाते: झाकण उघडले नाही तर ती 'विकण्याजोगी गाडी' कशी ठरणार? आणि विकण्याजोगी ठरली नाही तर ती शर्यतीत कशी उतरणार?

"म्हणजे ही पण पळवाटच की," दादा म्हणाला. "मला वाटलं, तुमच्याकडे लोक नियमानं चालतात."

'तुमच्याकडे' हा शब्द मला लागला, हे कबूल करते. पण त्याच्या वाक्याचा उरलेला भाग मला गेले काही महिने अधिक छळतो आहे, कारण त्यात आपल्याकडच्या एका जुन्या समजुतीचे मूळ आहे, आणि ती समजूत परदेशी राहणारे आमच्यासारखे लोकच सुट्टीत घरी येऊन पोसत असतात.

अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींचा उगम हातभट्टीच्या दारूत आहे, ही गोष्ट इथे कोणी लपवत नाही. दक्षिणेकडच्या डोंगराळ राज्यांत रात्रीच्या अंधारात दारू पोचवणारे चालक पोलिसांना चुकवण्यासाठी गाड्यांचे इंजिन आणि स्प्रिंगचे पाटे बदलून घेत, पण बाहेरून गाडी साधीच दिसेल याची काळजी घेत. बिल फ्रान्स या माणसाने 1948 साली फ्लोरिडातील डेटोना बीच येथे या शर्यती भरवणारी नॅस्कार ही संस्था उभी केली आणि पुढच्याच वर्षी असा गट सुरू केला की ज्यात फक्त दुकानातून निघालेल्या, जशाच्या तशा गाड्यांनी धावायचे. प्रेक्षकाला आपल्या दारातली गाडी ट्रॅकवर दिसली पाहिजे, हा त्यामागचा व्यापारी विचार होता आणि तो अचूक होता.

या गटाची पहिली शर्यत जून 1949 मध्ये शार्लट येथे झाली. ग्लेन डनअवे पहिला आला. शर्यतीनंतरच्या तपासणीत त्याच्या गाडीचे मागचे पाटे दारू वाहणाऱ्या गाड्यांच्या पद्धतीने बदललेले आढळले, त्याला बाद करण्यात आले आणि कॅन्ससहून आलेल्या जिम रोपर नावाच्या चालकाला विजेता घोषित केले गेले. गाडीचा मालक न्यायालयात गेला. दावा फेटाळला गेला. तेव्हा 'इकडे लोक नियमाने चालतात' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की या खेळाची पहिलीच शर्यत नियमभंगाने जिंकली गेली होती. मात्र तो नियमभंग पाटे मोजून, त्याच ठिकाणी पकडला गेला, हेही तितकेच खरे आहे. या दुसऱ्या भागाकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

'जशीच्या तशी गाडी' हा शब्दप्रयोग ऐकायला सोपा आणि तपासायला अवघड आहे. 1964 च्या डेटोना 500 शर्यतीत, प्लिमथ आणि डॉज या गाड्या बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीच्या 426 घनइंची, म्हणजे सात लिटरच्या 'हेमी' इंजिनाने धुमाकूळ घातला आणि रिचर्ड पेटी या चालकाच्या प्लिमथसह पहिल्या तिन्ही जागा प्लिमथने घेतल्या. हे इंजिन शोरूमच्या गाडीत मिळत नव्हते, म्हणून 1965 च्या हंगामासाठी नॅस्कारने त्याला मनाई केली. क्रायस्लर रुसून बाहेर पडली. 1966 मध्ये ती परतली तेव्हा तेच इंजिन सामान्य ग्राहकाला विकायला ठेवूनच परतली. या ठिकाणी नियमाचा खरा अर्थ सर्वांच्या लक्षात आला. नियम 'हे करू नका' असे म्हणत नव्हता. 'जे कराल ते विकून दाखवा' असे म्हणत होता.

यालाच होमोलोगेशन म्हणतात. हा शब्द मला इथे नव्हे, पुण्यात भेटला. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मी वाहनांच्या सुट्या भागांची कागदपत्रे घेऊन कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेत खेपा घालत असे, आणि तिथे या शब्दाचा अर्थ 'मंजुरी' एवढाच होता: गाडी नियमात बसते असा शिक्का. शर्यतीच्या जगात त्याच शब्दाची दिशा उलटी आहे. तिथे आधी शर्यत जिंकायची गाडी मनात ठरते आणि मग ती मंजूर व्हावी म्हणून रस्त्यावरच्या गाड्या काढल्या जातात.

1968 साली डॉज चार्जर या गाडीला नवे रूप मिळाले. ते रूप आजही देखणे वाटते, पण तासाला तीनशे किलोमीटरच्या आसपास गेल्यावर ते शत्रू ठरत होते. पुढची जाळी आत खोल बसवलेली असल्याने तिथे हवा कोंडत होती, आणि मागची काच दोन उतरत्या खांबांच्या मधल्या खोबणीत असल्याने तिथे हवेचे भोवरे उठून गाडीचा मागचा भाग हलका होत होता. क्रायस्लरच्या अभियंत्यांनी जाळी पुढे आणली, काच पत्र्याच्या पातळीत बसवली आणि त्या गाडीला चार्जर 500 असे नाव दिले. नावातला आकडाच काय तो प्रामाणिक होता: मंजुरीसाठी पाचशे गाड्या लागत.

फोर्डनेही हातावर हात ठेवले नव्हते. त्यांनी टोरिनोचे नाक लांबवले, जाळी सपाट केली आणि तिला टालाडेगा हे नाव दिले. पण तिच्यातली सर्वात चतुर गोष्ट नाकात नाही, दारांखालच्या पत्र्यात आहे. गाडी जमिनीपासून किती उंच आहे हे नॅस्कारचे तपासनीस दारांखालच्या त्या पट्टीपासून मोजत, म्हणून फोर्डने कारखान्यातच ती पट्टी वर वळवून घेतली. आता मोजमाप नियमात बसत होते आणि गाडी मात्र पूर्वीपेक्षा खाली बसत होती. मी ही गोष्ट दादाला सांगितली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "डाय बदलली असेल त्यासाठी." त्याच्या तोंडी ही दाद आहे.

1969 ची डेटोना 500 ली रॉय यारब्रो याने फोर्डमधून जिंकली. ती गाडी ज्यांची होती ते ज्युनिअर जॉन्सन तरुणपणी स्वतः हातभट्टीची दारू वाहून नेत आणि वडिलांच्या भट्टीवर पकडले जाऊन तुरुंगातही गेले होते. क्रायस्लरच्या चमूत क्षेपणास्त्र विभागातून आलेले अभियंतेही होते, आणि आता त्यांनी अर्धवट उपाय सोडून दिले. चार्जरला सुमारे 18 इंचांचे पत्र्याचे नाक आणि 23 इंच उंच पंख लावला गेला. डॉज चार्जर डेटोना असे नामकरण झाले. मिशिगनमधल्याच चेल्सी या गावाजवळच्या क्रायस्लरच्या चाचणी मैदानावर तिच्या चाचण्या झाल्या, आणि डेट्रॉइटमधल्या एका कंत्राटदाराकडे साध्या चार्जर पाठवून त्यांच्यावर हे सगळे बसवून घेतले गेले. पाचशेची अट पुरेल इतक्याच गाड्या निघाल्या. 503 हा आकडा सहसा दिला जातो. हमालीचा हिशेबही इतका काटेकोर नसतो.

या गाडीची पहिली शर्यत 14 सप्टेंबर 1969 रोजी अलाबामातील टालाडेगा येथील कोऱ्या करकरीत ट्रॅकवर झाली, आणि परदेशातल्या शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांना मी हीच शर्यत अभ्यासायला सांगेन. ट्रॅक 2.66 मैलांचा, वळणांवर तिरका, अतिवेगवान. सरावातच टायर फाटू लागले. चालकांनी नुकतीच संघटना केली होती, रिचर्ड पेटी तिचे अध्यक्ष होते, आणि त्यांनी शर्यत पुढे ढकलण्याची विनंती केली. बिल फ्रान्स तेव्हा साठीला टेकलेले होते. त्यांनी स्वतः एक गाडी घेऊन ट्रॅकवर फेऱ्या मारल्या, ट्रॅक सुरक्षित आहे असे सांगितले आणि शर्यत ठरल्या दिवशीच होईल असे बजावले. बहुतेक सगळे मोठे चालक आपापल्या गाड्या घेऊन निघून गेले. नामवंतांपैकी बॉबी आयझॅक तेवढा राहिला. आदल्या दिवशीच्या दुय्यम शर्यतीतल्या छोट्या गाड्या आणून रांग भरली गेली आणि रिचर्ड ब्रिकहाउस हा फारसा कोणाला माहीत नसलेला चालक डेटोनातून जिंकला. त्याच्या आयुष्यातला या स्तरावरचा तो एकमेव विजय. नियम करणारा, ट्रॅकचा मालक आणि तिकिटे विकणारा हे तिघे एकच असले की काय होते, हे पाहायला भारतातल्या कोणत्या क्रीडा संघटनेचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

पुढची गोष्ट वेगाची आहे आणि ती इथला प्रत्येक गाडीवेडा पाठ म्हणून दाखवतो. 24 मार्च 1970 रोजी त्याच टालाडेगावर बडी बेकरने निळ्या रंगाची 88 क्रमांकाची डेटोना ताशी 200.447 मैलांनी, म्हणजे सुमारे 323 किलोमीटरने पळवली. बंदिस्त ट्रॅकवर दोनशे मैलांची मर्यादा अधिकृतपणे ओलांडणारी ही पहिली फेरी मानली जाते. त्याच वर्षी क्रायस्लरच्या दुसऱ्या घरातून, म्हणजे प्लिमथमधून, सुपरबर्ड आली. 1969 चा हंगाम फोर्डमधून पळालेले रिचर्ड पेटी 1970 मध्ये पुन्हा प्लिमथकडे आले, आणि त्यांच्याच चमूच्या सुपरबर्डमधून पीट हॅमिल्टनने डेटोना 500 जिंकली. वर्षाचे विजेतेपद आयझॅकने डॉज डेटोनातून मिळवले.

मात्र सुपरबर्डच्या वेळी नियम बदललेला होता. पाचशे गाड्या काढून काम भागत नव्हते. कंपनीच्या दर दोन विक्रेत्यांमागे एक गाडी बनवणे बंधनकारक झाले होते. प्लिमथच्या विक्रेत्यांचे जाळे मोठे, त्यामुळे आकडा 1,900 च्या वर गेला. डेट्रॉइटच्या लिंच रोड कारखान्यात या गाड्या घाईने निघाल्या आणि दादाच्या बोटाला लागलेला तो जोड त्याच घाईतला आहे. काचेभोवतीचा पत्रा घासून गुळगुळीत करण्यापेक्षा वरून व्हिनाइल चढवणे स्वस्त पडत होते.

आणि मग त्या विकल्या गेल्या नाहीत. हा भाग मला संपूर्ण कहाणीत सर्वात मोलाचा वाटतो. शर्यत जिंकणारी गाडी सोमवारी शोरूममध्ये हातोहात खपते, असा इथला जुना व्यापारी सिद्धांत होता. प्रत्यक्षात, ज्या गाडीचे नाक गॅरेजच्या भिंतीला टेकते आणि जिच्या पंखाचा बाजारात जाण्याच्या वेगाला काहीएक उपयोग नाही, ती घेऊन करायचे काय, असे गिऱ्हाइकाला वाटले. कित्येक सुपरबर्ड विक्रेत्यांच्या आवारात धूळ खात राहिल्या. काही विक्रेत्यांनी तर नाक आणि पंख काढून, जुना मुखवटा बसवून त्या प्लिमथच्याच साध्या रोड रनर गाड्या म्हणून विकून टाकल्या. आज हेमी इंजिनाच्या अस्सल सुपरबर्डला लिलावात दहा लाख डॉलरच्या वर किंमत आल्याचीही उदाहरणे आहेत, हे ऐकले की मला त्या विक्रेत्यांची दया येते.

1971 साठी नॅस्कारने पंखवाल्या गाड्यांना 305 घनइंचांच्या, म्हणजे पाच लिटरच्या इंजिनाची मर्यादा घातली. म्हणजे गाडी ठेवा, पंख ठेवा, पण हृदय छोटे करा. एका चमूने तरीही हट्टाने डेटोना उतरवली आणि डिक ब्रूक्सने ती डेटोना 500 मध्ये सातव्या स्थानावर आणली. त्यानंतर या गाड्या शर्यतीतून संपल्या. इथले हौशी लोक खुर्चीत बसून अजूनही सांगतात की सरकारी वृत्तीच्या नियमवाल्यांनी आमची सर्वात वेगवान गाडी बंदी घालून मारली. बंदी कधी घातली गेलीच नव्हती. शिवाय सर्वच गाड्यांचा वेग टायरच्या आवाक्याबाहेर गेला होता. ऑगस्ट 1970 मध्ये, आमच्या मिशिगनच्याच ट्रॅकवर, नॅस्कारने इंजिनात जाणारी हवा रोखणारी चकती पहिल्यांदा वापरली होती. स्वतःच्या देशातल्या नियमांविषयीची चुकीची आठवण ही केवळ आपली मक्तेदारी नाही, एवढेच त्यातून मी शिकले.

आता दादाच्या फोनवरच्या वादाकडे येते.

भारतात 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचे उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्के करण्यात आले आणि छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोलचे इंजिन 1,200 सीसीपर्यंत किंवा डिझेलचे 1,500 सीसीपर्यंत, अशी व्याख्या केली गेली. दोनच वर्षांत पुण्याच्या टाटांनी इंडिगोची डिकी आखडून इंडिगो सीएस आणली आणि 'चार मीटरच्या आतली सेडान' हा एक नवाच प्राणी जन्माला आला, जो भारताच्या कर-कायद्याशिवाय जगात कुठेच या स्वरूपात जन्मला नसता. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात 2,000 सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीला मनाई केली. महिन्याभरातच महिंद्रांनी स्कॉर्पिओ आणि एक्सयूव्ही 500 साठी 1.99 लिटरचे इंजिन आणले. ऑगस्ट 2016 मध्ये एक टक्का हरित उपकर लावून मनाई उठली. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून, वुडवर्डवर आम्ही उभे होतो त्यानंतर पाच आठवड्यांनी, त्याच चार मीटरच्या रेषेच्या अलीकडे 18 टक्के आणि पलीकडे 40 टक्के असा जीएसटी लागू झाला.

या प्रत्येक वेळी घरच्या चर्चेत दोनच सूर लागतात. एक, कंपन्या लबाड आहेत. दोन, आपला माणूस बुद्धिमान आहे, कसाही नियम करा, वाट काढतो. डेटोनाची कहाणी माहीत झाल्यापासून मला हे दोन्ही सूर बेसूर वाटतात. डेट्रॉइटच्या अभियंत्यांनी पाचशेचा आकडा पाहून जे केले तेच पिंपरीच्या अभियंत्यांनी चार हजार मिलिमीटरचा आकडा पाहून केले. यात राष्ट्रीय स्वभाव शोधण्यात अर्थ नाही. आकडा लिहिला की गाडी त्या आकड्यापर्यंत येऊन थांबते, मग आकडा कोणत्याही भाषेत लिहिलेला असो.

प्रश्न विचारायचाच तर आकड्याला विचारावा. चार मीटर लांबीने आपण नेमके काय मोजतो? इंधन? लांबीने इंधन मोजता येत नाही. सुरक्षितता? डिकी कापल्याने मागच्या प्रवाशाच्या पाठीमागची जागा कमी होते. गर्दीच्या शहरातली पार्किंगची जागा म्हणावी, तर दहा सेंटीमीटरने पुण्यात कोणाला जागा मिळाल्याचे मी ऐकलेले नाही. नॅस्कारचा पाचशेचा आकडाही असाच आंधळा होता: गाडी बनली की नाही हे तो मोजत होता, ती कोणाला हवी आहे की नाही हे मोजत नव्हता. आता गाड्यांच्या इंधन-कार्यक्षमतेच्या पुढच्या नियमांचा जो मसुदा सप्टेंबर 2025 मध्ये आला त्यात 909 किलोपर्यंतच्या छोट्या गाड्यांना सवलत सुचवली गेली आणि त्यावरून कंपन्यांमध्येच जुंपली. माझे मत विचाराल तर वजनाची अशी रेषा लांबीच्या रेषेपेक्षाही वाईट, कारण वजन वाचवायचे तर पत्रा वाचवावा लागतो, आणि पत्रा ही अपघातात कामाला येणारी वस्तू आहे. मी याच क्षेत्रात पोट भरते, म्हणून हे जरा ठासून सांगते.

पण आकडा वाईट असला तरी दोन प्रकारच्या पळवाटांमध्ये मी फरक करते, आणि इथे मला सुपरबर्डची अट मनापासून आवडते. त्या अटीने कंपनीला आपली पळवाट शोरूमच्या काचेमागे, किमतीच्या पाटीसह, भररस्त्यावर ठेवायला लावली. पंख लपवता येत नाही. कोणालाही जाऊन विचारता येत होते की हे कशासाठी, आणि हसता येत होते, आणि न घेता परत येता येत होते. लोकांनी तेच केले. याच्याशी पुढची तुलना करून पाहा. अमेरिकेत आयात केलेल्या मालवाहू गाड्यांवर 1964 पासून 25 टक्के कर आहे, प्रवासी गाड्यांवर तो पुष्कळ कमी होता. फोर्डने तुर्कस्तानात बनलेल्या ट्रान्झिट कनेक्ट या मालवाहू गाड्या मागची आसने लावून 'प्रवासी' म्हणून बंदरात उतरवल्या आणि गोदीतून बाहेर पडताच ती आसने काढून टाकली. ग्राहकाने ती आसने कधी पाहिलीच नाहीत. हे प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि 2024 मध्ये फोर्डने 36.5 कोटी डॉलर भरून ते मिटवले. आणि फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधली, फक्त तपासणीच्या वेळी धूर कमी दाखवणारी ती कुप्रसिद्ध संगणकीय लबाडी 2015 मध्ये अमेरिकेत उघड झाली. भारतातल्या गाड्यांची तपासणी एआरएआयने केली आणि तीन लाखांहून अधिक गाड्या परत बोलावण्याची वेळ आली. तिथे पळवाट सॉफ्टवेअरच्या ओळींत होती. दादासारख्या माणसाने बोट फिरवून ती सापडली नसती.

म्हणून आखूड डिकीच्या सेडानवर घरी जो राग काढला जातो तो मला अस्थानी वाटतो. ती डिकी दिसते. तिच्यात सूटकेस मावते की नाही हे घेणारा स्वतः पाहू शकतो, आणि 1.99 लिटर हा आकडा तर कंपनी स्वतःच जाहिरातीत छापत होती. राग काढायचाच तर मोजणाऱ्याकडे पाहावे. 1949 मध्ये शार्लटला पाटे मोजणारा माणूस होता आणि त्याने पहिल्या आलेल्याला बाद केले, हे मी वर लिहिले. या देशात वीस-बावीस वर्षे राहून मला इथल्या लोकांच्या सचोटीचे विशेष कौतुक उरलेले नाही. पण तपासणीची सवय मात्र कौतुकास्पद वाटते. तीसुद्धा सर्वत्र नाही, हे टालाडेगाने दाखवलेच. आणि आपल्याकडे ती नाहीच, असेही म्हणता येणार नाही, कारण टेकडीवरच्या त्या संस्थेत माझे कागद परत पाठवणारे लोक काही कमी बारकाईने पाहत नसत. मी तेव्हा त्यांच्यावर वैतागत असे.

इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीच्या जेवणात मी हे सगळे बोलले तेव्हा एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला थांबवून विचारले, "म्हणजे तुमच्या मते पळवाट चांगली?" त्यांना काय उत्तर द्यावे ते मला तिथे सुचले नाही, कारण पंक्तीत पुढचे वाढप आले होते. घरी येताना सुचले ते असे, की सुपरबर्डच्या अभियंत्यांना मी पळवाट काढणारे म्हणणार नाही. त्यांनी नियम वाचला आणि त्यातला शब्द न् शब्द पाळला. पाचशेच्या जागी 'दर दोन विक्रेत्यांमागे एक' असे लिहिले गेले तेव्हा त्यांनी तेही पाळले आणि त्याची किंमत कंपनीने मोजली. नियम करणाऱ्याने मग तिसऱ्यांदा लिहिले. तीन वर्षांत तीन वेळा लिहिले. आपली चार मीटरची ओळ 2006 पासून तशीच आहे, शुल्काचे नाव बदलले, कराची पद्धत बदलली, टक्के बदलले, ओळ मात्र एका कायद्यातून उचलून दुसऱ्यात ठेवली गेली.

नोव्हेंबरमध्ये दादाने गाडी घेतली. कर उतरल्यावर, चार मीटरच्या आतली, डिकीवाली सेडानच. त्याने मला शोरूममधला हाराचा फोटो पाठवला नाही. पाठवला तो इमारतीच्या पार्किंगमधला, ज्यात शेजारच्या मुलाने पुढच्या बंपरला मेजरटेप धरली आहे आणि दुसरे टोक दादाच्या अंगठ्याखाली आहे. खाली लिहिले होते: "3,995. पाच मिलिमीटर सोडलेत. टॉलरन्स चांगला ठेवलाय."

मी विचारले, डिकीत तुझ्या अमेरिकेच्या दोन्ही बॅगा बसतात का?

"एक बसते," त्याचे उत्तर आले. "दुसरी मागच्या सीटवर."